खडीवर सांडलेली आत्या

मी माझ्या सख्ख्या आत्याला रस्त्यात सांडलं, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे वाचताना माझ्याबद्दल भलता आदर वाटायला नको. तांदूळ सांडतात, ताक सांडतं, तशी मोटारसायकलच्या मागच्या गादीवरून एक नऊवारीतली, साठी ओलांडलेली बाई खडीच्या रस्त्यावर सांडली आणि मला पत्ता नाही. नुसता पत्ता नाही असं नव्हे, तर पुढचा दीड मैल मी तिच्याशी बोलत गेले. आयुष्यातली त्या वेळेपर्यंतची सगळ्यात अवघड गोष्ट तिला समजावून सांगितली, तिच्या गप्प राहण्याचा मला हवा तसा अर्थ लावला आणि शेवटी तिचे आभारही मानले. माझी नात गुरुग्रामच्या एका काचेच्या इमारतीत नोकरी करते. हे ऐकून ती म्हणाली, "आजी, यार, तू तर पॅसेंजरला लोकेशन यायच्या आधीच ड्रॉप केलंस." तिला हसू आवरेना. मलाही आता आवरत नाही, पण त्या दिवशी मी रडले होते, आणि तेही हेल काढून, हे या ठिकाणी नोंदवून ठेवते.

तेव्हा आम्ही दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे इवलंसं अंगण आणि त्या अंगणात आईची तुळस, आत्याचा कढीपत्ता आणि दादाची मोटारसायकल. पहाटे दुधाच्या डेपोवरून बाटल्यांचा किणकिणाट यायचा, मग आईच्या स्टोव्हचा फरफराट, मग अण्णांचं घसा साफ करणं, आणि या सगळ्यावर ताण करत आत्याचं स्तोत्र. थंडीत सगळ्या घराला गाजराच्या हलव्याचा वास असे, कारण दिल्लीची लाल गाजरं बघून आईचा हात थांबत नसे. पोह्यांत मटार, भातात मटार, उसळ मटारची; आत्या आईकडे बघून म्हणायची, "कांतीच्या स्वयंपाकात आता फक्त चहात मटार घालायचे राहिलेत." अण्णा कचेरीत पंधरा-वीस कारकुनांवर हुकूम चालवत. घरात मात्र त्यांचं एकच वाक्य होतं, "अक्काला विचारा." ही अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, म्हणजेच माझी आत्या. लहानपणीच विधवा झालेली, मग आईविना राहिलेल्या आपल्या धाकट्या भावाला वाढवलेली, आणि त्याच्यामागून वाईहून दिल्लीला आलेली. हिंदीचा एक शब्द न शिकता तिने भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना मराठी समजायला लावलं होतं.

मोटारसायकल दादाने लष्कराच्या लिलावातून आणली होती. वरचा काळा रंग खरवडला की खालून खाकी निघे. आम्ही तिला म्हैस म्हणत असू, कारण ती काळी होती, जड होती, आणि मनात असेल तेव्हाच उठत असे. तिला एकच आरसा होता. तो दादाने काढून न्हाणीघरात दाढीसाठी लावला होता. "पुढे बघून चालवावी माणसाने, मागे बघून काय मिळतं?" असं त्याचं तत्त्वज्ञान. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे मला ते फार महागात पडलं.

अण्णांना सरकारी नोकरांच्या एका सोसायटीत प्लॉट मिळाला होता, कुतुबमिनारच्याही पुढे. आज तिथे मेट्रो जाते आणि चहा पितळेच्या पेल्यात आणून दीडशे रुपये घेतात. तेव्हा तिथे कीकरची झुडपं, मोहरीची शेतं आणि कोल्हे होते. डांबरी रस्ता सोडला की तीन मैल नुसती खडी, तीही नीट दाबलेली नाही. दिल्लीवाले तिला रोडी म्हणतात. दर रविवारी अण्णा दादाला हद्दीचे दगड जागेवर आहेत का ते बघायला पाठवत, कारण शेजारच्या प्लॉटवाल्याचे दगड रात्रीतून चालतात अशी त्यांची खात्री होती. मी डबा घेऊन मागे बसून जात असे. डब्यातल्या पोळ्या संपल्या की दादा मला म्हैस चालवायला देई. मी अशीच तिथे शिकले, खडीवरच, आणि त्यामुळे मला फार दिवस वाटायचं की डांबरी रस्ता हा नवशिक्यांसाठी असतो.

दादाचे नियम मला अजून पाठ आहेत. खडीवर पुढचा ब्रेक दाबायचा नाही. हँडल आवळून धरायचं नाही. गाडी जरा नाचली तर नाचू द्यायची, ती आपली आपण सावरते. खड्डा दिसला तर खड्ड्याकडे बघायचं नाही, कारण जिकडे डोळे तिकडे चाक. आणि मागच्या माणसाला सांगून ठेवायचं की तू पोतं आहेस. पोतं हलत नाही, बोलत नाही, आणि वळणावर आपलं मत देत नाही. मी मागे बसले की दादा ओरडायचा, "कुंदे, पोतं हो." मी पोतं होण्यात फारशी हुशार नव्हते, चालवण्यात होते. असं निदान मला तरी वाटे.

त्या वर्षी मी बीएस्सी झाले होते आणि माझ्याकडे एक पत्र होतं. पाण्याची तपासणी करणाऱ्या एका सरकारी खात्याने मला नोकरी देऊ केली होती. दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांत फिरायचं, विहिरींचं पाणी बाटल्यांत भरायचं, चिठ्ठी लावायची आणि प्रयोगशाळेत आणून तपासायचं. मुलाखतीत साहेबांनी विचारलं होतं, "गावोगाव जाणार कशा?" आणि मी ऐटीत म्हणाले होते, "मोटारसायकलने." साहेबांच्या हातातली पेन्सिल खाली पडली होती. होकार सोमवारपर्यंत कळवायचा होता. घरात हे फक्त दादाला ठाऊक होतं, कारण पत्र त्याच्या दाढीच्या डब्यात लपवलेलं होतं. आत्याने माझ्यासाठी जवळच्या शाळेतली मास्तरणीची जागा ठरवून टाकली होती. "बाईमाणसाची नोकरी पंख्याखालची असावी," असं तिचं म्हणणं. तिला नाही म्हणायचं कसं याची मी पंधरा दिवस आरशासमोर तालीम करत होते. आरसा तोच, म्हशीचा.

आणि सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, प्लॉटचं भूमिपूजन निघालं.

पहिली वीट आत्याने ठेवायची असं अण्णांनी जाहीर केलं तेव्हा नात्यातल्या कोणी तरी कुजबुजलं की शुभकार्यात विधवेचा हात कशाला. अण्णा आयुष्यात दोनदाच चिडले, त्यातली ही पहिली वेळ. ते म्हणाले, "मग घरच नको." विषय संपला. पण आत्याच्या मनातून गेला नसावा. तिने संकल्प सोडला, की त्या दिवशी आंघोळ झाल्यापासून वीट ठेवेपर्यंत मौन. "आपल्या तोंडून त्या दिवशी वेडावाकडा शब्द जायला नको, मग लोकांना बोट ठेवायला जागा मिळते," एवढंच म्हणाली. तिचं मौन आमच्या कॉलनीत प्रसिद्ध होतं. चातुर्मासात ती मौनाने जेवायची आणि नुसत्या भुवईने सांगायची की कोशिंबिरीत मीठ कमी आहे. एकदा मौनात तिच्या पायावर वरवंटा पडला होता. तिने फक्त डोळे मिटले होते. माझ्या नातीला मी हे सांगितलं तर म्हणते, "मतलब सायलेंट मोड?" नाही बाळ, सायलेंट मोडमध्ये फोन निदान थरथरतो.

रविवारी सकाळीच अण्णा, आई, गुरुजी, पातेली आणि पाहुणे ट्रकमधून पुढे गेले. मुहूर्त अकरा वाजून दहा मिनिटांचा. आत्याचा जप उरकायला उशीर होणार होता, म्हणून तिला दादा म्हशीवरून आणणार असं ठरलं. नऊ वाजता दादाने किक मारली आणि म्हशीने ती परत केली. गार इंजिन कधी कधी उलटी लाथ घालतं, आणि ही लाथ दादाच्या घोट्यावर बसली. पाच मिनिटांत त्याचा पाय सुरणाएवढा झाला. अंगणात बसून त्याने एकदा पायाकडे, एकदा घड्याळाकडे बघितलं. टॅक्सीवाले त्या खडीवर यायला तयार नसत, हे आम्हाला आधीच माहीत होतं. शेवटी तो म्हणाला, "आत्या, रागावू नका. कुंदा चालवते."

आत्या तुळशीपाशी उभी होती. हातात वाटीने झाकलेला गंगाजळाचा तांब्या, कनवटीला पुरचुंडी, तीत घराच्या पायात पुरायचा चांदीचा नाग. तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हशीकडे. मग आभाळाकडे, बराच वेळ. त्या नजरेत निदान चार पानांचा मजकूर होता. पण बोलता येत नव्हतं, आणि तिच्यावाचून वीट ठेवली तर बोट ठेवणारे जिंकले असते. तिने पदर कमरेला खोचला आणि मागच्या गादीवर एका बाजूला पाय सोडून बसली. एका हातात तांब्या, दुसऱ्या हाताने माझा स्वेटर. दादा म्हणाला, "आत्या, पोतं व्हा." तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याचा दुसरा पायही दुखायला लागला असणार.

डांबरी रस्ता झकास गेला. कुतुबमिनार मागे टाकला, खडी लागली, म्हैस नाचू लागली, आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. म्हणजे त्या वेळी मला ती वीज वाटली. आत्या मागे बसली आहे. तिला उतरता येत नाही. तिला बोलता येत नाही. पंधरा दिवस ज्या संधीची मी आरशासमोर वाट बघत होते ती स्वतःहून नऊवारी नेसून माझ्या गाडीवर येऊन बसली आहे. इतकी भेकड कल्पना आणि इतका शूरपणाचा आव. मला आजही त्या मुलीच्या टाळक्यात टपली मारावीशी वाटते.

मी इंजिनाच्या वर आवाज चढवून सुरुवात केली. "आत्या, रागावू नका. मला नोकरी लागली आहे. शाळेतली नाही, दुसरी. विहिरींचं पाणी तपासायची. गावोगाव फिरायचं, या म्हशीवरूनच. उद्या हो म्हणून कळवायचं आहे आणि मला हो म्हणायचं आहे." स्वेटरला फक्त एक हिसका बसला. समोर रस्ता एका कोरड्या नाल्यात उतरत होता. खड्ड्याकडे बघायचं नाही, ब्रेक दाबायचा नाही, हे नियम पाळून मी म्हैस तशीच खाली घातली आणि वर काढली. धाड, धाड, आणि वर आल्यावर गाडी एकदम हलकी वाटू लागली. फुलासारखी.

मला वाटलं, मन हलकं झालं.

देवाशप्पथ असंच वाटलं. पुस्तकांत वाचलं होतं ना, की खरं बोललं की भार उतरतो. मी म्हटलं, अच्छा, तो असा उतरतो तर. आणि भार उतरल्याच्या त्या आनंदात मला जास्तच जोर चढला. जे आरशासमोरही कधी बोलले नव्हते ते मी बोलले. "आत्या, तुम्हाला सगळं घर भितं. मी पण भिते. पण त्याहून जास्त मला तुमच्यासारखं व्हायची भीती वाटते. कोणी तरी घरात बसवलं म्हणून जन्मभर बसून राहायचं, आणि मग दुसऱ्यांना बसवायचं." मागून काहीच नाही. हिसकाही नाही. ती ऐकते आहे, समजून घेते आहे, असं वाटून माझे डोळे भरले. मी म्हणाले, "आत्या, तुम्ही ऐकून घेतलंत, हेच खूप आहे." आणि समोर आमचा मांडव दिसला.

मी ऐटीत गाडी उभी केली. सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, मुलगी मोटारसायकल चालवते म्हणून. आई हातातली परात धरून तशीच थिजली. अण्णा पुढे आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "कुंदा, अक्का कुठे आहे?"

"ही काय," मी म्हणाले आणि मागे हात केला. हात गादीच्या स्प्रिंगला लागला.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. पावणेअकरा. अण्णा काही बोलायच्या आत मी म्हैस वळवली. तो दीड मैल मी हँडल इतकं आवळून धरलं होतं की दादाने कानफटात दिली असती. हेल काढून रडले ते याच रस्त्यावर. ती नाल्यातल्या दगडावर आपटली असेल, तिचं डोकं फुटलं असेल, आणि माझं ते शेवटचं वाक्य ऐकूनच तिने हात सोडला असेल, अशी भीषण चित्रं डोळ्यांपुढे येत होती.

नाल्याच्या काठावर खडीचा ढीग होता, आणि ढिगावर आत्या बसली होती. ताठ. पदर डोक्यावर, तांब्या मांडीवर, तांब्यावरची वाटीही जागच्या जागी. उजव्या कोपराला कोणी तरी हळद आणि मोहरीचं तेल लावलं होतं. ते लावणारी शेजारी उभी होती, शेतातली एक उंचपुरी बाई, हातात विळा. मी उतरते न उतरते तोच ती माझ्यावर धावून आली. "तन्नै शरम ना आई? गूँगी बुढ़िया नै सड़क पै गेर कै चाल पड़ी?" मुक्या म्हातारीला रस्त्यात टाकून पळाल्याचा आरोप तिने माझ्यावर ठेवूनच टाकला होता. मी रडत सांगितलं, गूंगी नहीं हैं, आज इनका मौन है. बाई आत्याकडे वळली आणि तिला खालपासून वरपर्यंत बघत म्हणाली, "गिरते बखत भी?" मग विळा खांद्यावर टाकून, आपली सासूही इतकी कडक नव्हती अशा आदराने म्हणाली, "म्हारी तो सास भी इसी ना थी।"

मी आत्याचे पाय धरले. तिने मला बाजूला केलं, उठली, एक पाय झटकून बघितला, दुसरा झटकून बघितला, आणि म्हशीकडे निघाली. मी म्हटलं, "आत्या, आपण चालत जाऊ." तिने आभाळातल्या सूर्याकडे बोट दाखवलं. मुहूर्त. मग ती मागे बसली, तिने माझ्या ओढणीचं टोक ओढलं, आपल्या पदराचं टोक घेतलं आणि दोन्हींची गाठ मारली. लग्नात मारतात तशी, निरगाठ. दोनदा ओढून बघितली. अशा रीतीने माझ्या आयुष्यातली पहिली लगीनगाठ मी माझ्या आत्याशी, खडीच्या रस्त्यावर, विळेवालीच्या साक्षीने बांधून घेतली. जेमतेम दीड मैल. पण खुद्द लग्नातही मी इतकी जपून पावलं टाकली नव्हती.

अकरा वाजून पाच मिनिटांनी आम्ही गाठीसकट मांडवात शिरलो. ती गाठ सुटेना. शेवटी आत्या तशीच खड्ड्यापाशी बसली, आणि तिच्या शेजारी ओढणीने बांधलेली मी. तिने खड्ड्यात चांदीचा नाग ठेवला, गंगाजळ सोडलं आणि खरचटलेल्या हाताने वीट बसवली. मी खालून विटेला हात लावला, तर तिने काढ म्हणून नाही सांगितलं. कुजबुजणारे समोरच होते. कोणी कुजबुजलं नाही.

गुरुजींची अक्षता पडते न पडते तोच अण्णा उठले. आयुष्यातली दुसरी वेळ. त्यांनी म्हशीची किल्ली माझ्या हातून काढून घेतली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ही गाडी उद्या विकली जाईल. आणि ही मुलगी आजपासून घराबाहेर पडेल ती अक्काच्या परवानगीने." म्हणजे उद्याचा होकार, विहिरी, बाटल्या, सगळं त्या किल्लीबरोबर अण्णांच्या कोटाच्या खिशात गेलं. मी मान खाली घालून गाठीकडे बघत बसले. नोकरीचं आत्याने ऐकलं होतं का, आणि त्याच्या पुढचं ते वाक्य ऐकलं होतं का, हे दोनच प्रश्न मला पडले होते. पहिल्याचं उत्तर हो असावं आणि दुसऱ्याचं नाही, असा नवस मी बोलत होते. देवांनाही इतकी बारीक निवड करायला सांगणारी मी एकटीच असेन.

मौन सुटलं होतं. आई पाण्याचं भांडं घेऊन आली. आत्याने दोन घोट घेतले, भांडं खाली ठेवलं आणि अण्णांपुढे हात पसरला. अण्णांनी मुकाट्याने किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती माझ्या ओंजळीत टाकली, आमच्यामधली गाठ सोडवायला घेतली, आणि वर न बघता म्हणाली:

"नोकरीचं सांगत होतीस तिथपर्यंत मी गाडीवर होते. उद्या कळवून टाक हो म्हणून. पण माणूस मागे बसवलंस की दर फर्लांगाला एकदा हाक मारायची, कुंदे. आणि ज्याला उत्तर देता येत नाही, त्याला दोनदा."